सुट्टीचा सदुपयोग? आता पुरे!



आज जरा तिखट लिहिणार आहे. शेंगाचटणीच्या गावची बाई आहे, तेव्हा सांभाळून घ्या. आमच्या घरची मंडळीही हे वाचतात याची मला कल्पना आहे. त्यांनी तर जरूर वाचावं. फोनवर मी बोलायला लागले की "आई, मीटिंग आहे, नंतर बोलू" असं म्हणून मला मध्येच थांबवता येतं. इथे तशी सोय नाही!

प्रश्न साधाच आहे. दिवाळीच्या सुट्टीत नातवंडं आजीकडे येतात, त्या दिवसांवर हक्क कुणाचा? शाळेचा? क्लासचा? आई-बापांचा? की त्या मुलांचा आणि म्हातारीचा?

2025 च्या दिवाळीत माझी पुण्याची नातवंडं चार दिवस आली. आदल्या वर्षी बारा दिवस होती. वंदे भारत गाडी फेब्रुवारी 2023 मध्ये सुरू झाली तेव्हा मला वाटलं होतं, चला, पुणं जवळ आलं, मुलं जास्त राहतील. झालं उलटंच. प्रवासाचे तास कमी झाले आणि मुक्कामाचे दिवसही कमी झाले. नातू सहावीत आहे, त्याचा कसला तरी 'फाउंडेशन' क्लास सुट्टीतच होता. (पाया घालायला दिवाळीचाच मुहूर्त लागतो वाटतं!) नात तिसरीत. तिला शाळेने सुट्टीचा प्रकल्प दिला होता. विषय काय असेल? 'आजी-आजोबांची मुलाखत घ्या'. दहा प्रश्न, पाच मिनिटांचा व्हिडिओ, शिवाय फोटो चिकटवलेली वही.

झालं! चारांतले दीड दिवस माझी मुलाखत चालली होती. आधी प्रश्न पाठ, मग माझी साडी बदलून, मग उजेडाला बसून. "आज्जी, कॅमेऱ्याकडे बघून सांग, तुझ्या लहानपणी शरद ऋतूत कोणते खेळ होते?" मी हादग्याचं सांगायला लागले. हस्त नक्षत्र लागलं की पाटावर हत्ती काढायचा, सोळा दिवस भोवती फेर धरायचा, खिरापत काय ते ओळखायची. सांगता सांगता मला राहवेना. म्हटलं, अगं चल, पाट आण, खडू आण, आपण दोघी फेर धरू. हादग्याचे दिवस उलटून गेले असले म्हणून काय झालं? तर पोर काकुळतीला येऊन म्हणते, "आज्जी नको ना, अजून सहा प्रश्न राहिलेत!"

मी गप्प बसले. आजीची माहिती वहीत चिकटवायची होती आणि त्या माहितीपायी प्रत्यक्ष आजी बाजूला राहिली होती.

याच चार दिवसांत शेजारच्या बाई नळदुर्गला जाऊन आल्या आणि सांगत होत्या, नर-मादी जोरात वाहतायत. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याने तासाभरावर नळदुर्गचा किल्ला आहे. त्यात बोरी नदी अडवून बांध घातलाय आणि बांधाच्या पोटात पाणी महाल आहे, इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळातला. नदीला भरपूर पाणी आलं की बांधावरून दोन धारा खाली कोसळतात. नर आणि मादी अशी त्यांची नावं. महालाच्या खिडकीत उभं राहिलं की समोरून पाणी पडतं आणि अंगावर तुषार येतात. पण हे सालोसाल दिसत नाही. आमच्याकडे पावसाचा काय भरवसा? तो बरसतो तो मुख्यतः सप्टेंबरात, आणि नाही बरसला की नाहीच. 2025 ला बरसला. चारातला एक दिवस मिळाला असता तर आम्ही गेलो असतो. नाही मिळाला. व्हिडिओ पुन्हा काढायचा होता, पहिल्यात माझा आवाज नीट आला नव्हता म्हणे.

मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. नर-मादी पुन्हा कधी वाहतील, तेव्हा माझे गुडघे त्या पायऱ्या उतरू देतील का, आणि उतरू दिल्या तर नातवाला आजीचा हात धरायची लाज वाटायला लागली असेल का... हा हिशोब शाळेच्या कुठल्या वहीत नसतो.

आता 2024 मध्ये बारा दिवसांत आम्ही काय केलं ते ऐका. काहीही नाही! म्हणजे असं की, जे केलं त्यातलं काहीच वहीत लिहिण्यासारखं नव्हतं.

एका सकाळी पुतण्याच्या जुन्या जीपमधून नान्नजला गेलो. बार्शी रस्त्यावर वीस-बावीस किलोमीटर. माळढोकासाठी 1979 मध्ये अभयारण्य जाहीर झालं, ते हेच. माळढोक दिसला नाही, हल्ली तो दिसणं म्हणजे नशीबच. काळविटांचा कळप मात्र दिसला. पण नातवाला काळविटांचं काही नाही! तो अर्धा तास उकिडवा बसून शेणाची गोळी ढकलणारा किडा बघत होता. गोळी चढावरून परत परत खाली यायची आणि तो परत परत ढकलायचा. पुतण्या घाई करायला लागला, तर मी त्यालाच गप्प केलं. घरी आल्यावर दोघांच्या मोज्यांत रुतलेली कुसळं काढत मी तासभर ओसरीवर बसले होते. इतका सुखाचा तास माझ्या वाट्याला अलीकडे आलेला नाही. हे गेल्यापासून तर नाहीच.

एकदा हिप्परग्याच्या तलावावर गेलो. 1871 चं बांधकाम, अजून धडधाकट! बांधावर बसून सीताफळं खाल्ली आणि बिया कोण लांब फेकतो याची शर्यत लावली. माझा दुसरा नंबर आला. (नात रडायला लागली म्हणून नंतर तिसरा करून घेतला.) परतताना भोरड्यांचा थवा वळणं घेत गेला. नाव मी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. अंगणात किल्ला केला. माती भिजवायची, दगड रचायचे, पोत्याने झाकायचं, वर अळीव पेरायचं आणि रोज सकाळी उठून उगवलं का ते बघायचं. बारा दिवसांत किल्ला हिरवागार झाला होता.

2025 लाही अळीव पेरलं. पण अळिवाला उगवायला तीन-चार दिवस लागतात. ते उगवलं तेव्हा मुलं पुण्यात पोचली होती. मी एकटीच मावळ्यांवर पाणी शिंपडत बसले. गंमत बघा, नातीला जागतिक वारशातले सगळे किल्ले पाठ! जुलै 2025 मध्ये युनेस्कोने 12 किल्ले यादीत घेतले, 11 महाराष्ट्रातले आणि तामिळनाडूतला जिंजी. तिने चटाचटा म्हणून दाखवले, शाळेने तक्ता करायला लावला होता. कौतुक आहेच. पण मातीत हात घालताना म्हणते, "आज्जी, ग्लव्ह्ज आहेत का?"

आता मुख्य मुद्द्यावर येते. या सगळ्याच्या मुळाशी एक शब्द आहे. सदुपयोग. 'सुट्टीचा सदुपयोग करा.' हा शब्द इतका सज्जन दिसतो की त्याच्याविरुद्ध बोलायची सोय नाही. मी आज बोलणार आहे. आणि बोलायचा अधिकार मला एवढ्यासाठी आहे की हा गुन्हा मी स्वतः एकतीस वर्षं केला आहे.

होय. मराठीची शिक्षिका होते मी. दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी फळ्यावर लिहायचे: रोज एक पान शुद्धलेखन, पंधरा म्हणी, आणि निबंध 'मी सुट्टीचा सदुपयोग कसा केला'. दर वर्षी तोच. आणि मुलंही हुशार, दर वर्षी तेच लिहायची. आईला कामात मदत केली, वाचन केलं, झाडाला पाणी घातलं. सगळ्यांना दहापैकी सात.

एका वर्षी पूर्व भागातल्या एका मुलीने खरं लिहिलं. आमच्या पूर्व भागात तेलुगू विणकरांची वस्ती मोठी, आणि घरोघरी बायका विड्या वळतात. नवरात्रात त्याच गल्ल्यांतून फुलांची बतुकम्मा रचून बायका फेर धरतात, आमच्या हादग्याची जणू थोरली बहीण. तर त्या मुलीने लिहिलं होतं, सुट्टीत रोज आईबरोबर तीनशे विड्या वळल्या, हाताला तंबाखूचा वास येतो म्हणून भाऊ माझ्या हातचं खात नाही, बतुकम्मा मला आवडते कारण त्या दिवशी संध्याकाळी विड्या वळाव्या लागत नाहीत. चार ओळींचा निबंध. मी काय केलं? ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवर लाल गोल केले, 'विस्तार हवा' असा शेरा मारला आणि सहा गुण दिले.

तिने सुट्टीचा सदुपयोगच तर केला होता! वर्गात सगळ्यांत जास्त केला होता. मी दिलेल्या शब्दाचा अर्थ काय होतो ते तिने मला दाखवलं आणि मला ते दिसलं नाही. दिसायला पुढे बरीच वर्षं गेली. तिची सुट्टी गरिबीने नेली, तिथे आईचाही इलाज नव्हता. माझ्या नातवंडांची सुट्टी आम्ही पैसे मोजून, पावती घेऊन, कौतुकाने नेतो आहोत. त्या मुलीच्या आईने जे नाइलाजाने केलं ते आम्ही हौसेने करतो, आणि वर त्याला संगोपन म्हणतो.

कुणी म्हणेल, बाई, तुम्ही जुन्या, तुम्हाला आजची स्पर्धा काय कळणार. बरं, मग माझं राहू द्या. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करारनामा 1989 चा, भारताने तो 1992 मध्ये मान्य केला. त्याच्या 31 व्या कलमात विश्रांती, फुरसत आणि खेळ हे मुलांचे हक्क म्हणून लिहिलेत. बक्षीस म्हणून नव्हे, हक्क म्हणून! प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने 1993 मध्ये ओझ्याविना शिक्षण कसं व्हावं हे सांगितलं. 2020 च्या दप्तर धोरणात तर स्पष्ट आहे, दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. माझी नात तिसरीत, म्हणजे एका इयत्तेने हुकली बिचारी! शिक्षण हक्क कायद्याने 2009 मध्ये शाळेचे दिवस ठरवून दिले, पाचवीपर्यंत 200 आणि पुढे आठवीपर्यंत 220. ते आपण काटेकोर मोजतो. उरलेले दिवस कुणाचे, हे मात्र कुणी विचारत नाही. जो आधी हात मारेल त्याचे!

आणि आपल्याकडेच बघा ना. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबादला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा कुरणात नेली. आज आपण उलटं करतो. कुरणात खेळायला निघालेल्या मुलाच्या मागे शाळा पाठवतो, त्याला पकडून आणायला.

आता माझ्या वयाच्या मैत्रिणींनाही सोडणार नाही. आपण काय कमी आहोत? "आजीकडे आलात ना, मग रोज एक श्लोक पाठ झाला पाहिजे." संस्कार! हाही सदुपयोगच, फक्त सोवळं नेसलेला. मुलांच्या आई-बापांना क्लासचे गुण हवेत आणि आपल्याला संस्काराचे. नातवंडं आपल्याकडे येतात ती काय दुरुस्तीला टाकलेली घड्याळं आहेत, की चार दिवसांत नीट करून परत द्यायची? माझा नातू सोलापुरात आला की दुसऱ्या दिवसापासून "का बे", "काय करायलास बे" सुरू करतो. सूनबाईंना ते आवडत नाही. मला विचाराल तर त्याला गावाने आपलं म्हटलं, एवढाच त्याचा अर्थ. पुण्याच्या स्टेशनवर उतरला की आपोआप 'अरे' होतं. काळजी नसावी.

सूनबाईंची बाजूही सांगते, नाहीतर म्हणतील सासूने आपलंच घोडं दामटलं. ती नोकरी करते, दिवाळीची रजा तिला मोजून चार दिवस. मुलांना मागे ठेवून जायचं तर तिचा जीव राहत नाही. तिच्या ऑफिसात सगळ्यांची मुलं क्लासला जातात. आपला मुलगा मागे पडला तर दोष आईलाच येणार, बापाला कुणी विचारत नाही. ही भीती खरी आहे आणि ती तिने निर्माण केलेली नाही. म्हणून माझं भांडण तिच्याशी नाही. माझं भांडण माझ्या चिरंजीवांशी आहे. तो याच अंगणात किल्ले करत मोठा झाला, शाळा उघडायच्या आदल्या रात्री रडत रडत माझंच शुद्धलेखन पूर्ण करायचा, आणि तरी इंजिनिअर झाला. त्याला तरी आठवायला हवं होतं.

त्या चार दिवसांतली एक दुपार मात्र आम्हाला मिळाली, तीही योगायोगाने. माझ्या दिरांचं शेत मोहोळ तालुक्यात आहे. 2025 च्या सप्टेंबरात सीनेला महापूर आला, त्यात ते गाळाने भरलं होतं. मी भेटायला निघाले, मुलं हट्टाने मागे लागली. शेत बघून नातू एकदम गप्प झाला. मग बूट काढले आणि अण्णाआजोबांबरोबर गाळातून ठिबकच्या नळ्या उपसायला लागला. नात बांधावर बसून चुलतसुनेने दिलेली भाकरी खात होती. ग्लव्ह्जची आठवण कुणालाही झाली नाही. अण्णा म्हणत होते, "ज्वारी पेरायची वेळ निघून चाललीय, पण वाफसाच नाही." मी पण चिखलात उतरले आणि अशी घसरून बसले की दोघं पोट धरून हसली. अण्णाही हसले. पूर येऊन गेल्यापासून पहिल्यांदाच हसले, असं जाऊबाई म्हणाल्या.

परवा, म्हणजे मुलं गेल्यावर वीसेक दिवसांनी, नातवाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारतो, "आज्जी, अण्णाआजोबांच्या शेतात वाफसा आला का?"

वाफसा! पुण्याच्या सहाव्या मजल्यावरून! हा शब्द मी त्याला शिकवला नव्हता, अर्थही सांगितला नव्हता...

पाहिलंत? लगेच मी फायदा दाखवायला लागले. बघा, किती शिकला! एकतीस वर्षांची खोड, सहजी जाणार नाही. नाही, मला हे म्हणायचंच नाही. त्याला तो शब्द आला नसता, नुसता चिखलात लोळून परत गेला असता, तरी ती दुपार पुरेशी होती. त्या दुपारी तो माझ्याबरोबर होता आणि मी त्याच्याबरोबर. त्याची आई-बाबा म्हणून कुणी, त्याची शाळा म्हणून कुणी त्यातून काही मागितलं नाही. सगळ्याच गोष्टींचा उपयोग व्हायलाच पाहिजे, असं कुणी ठरवलं?

आपला शरद मोठा देखणा असतो हो. पाऊस निथळून गेलेला, रूपाभवानीच्या जत्रेतले पाळणे आत्ताच उतरलेले, कोजागिरीला तुळजापूरला चालत गेलेल्या लोकांच्या पायांचे फोड नुकते बरे झालेले, माळावर गवत अजून उभं, आणि हवेत पहाटेचा गारवा. दुपारी तापतं, मान्य आहे. पण पंधरा-वीस दिवस असे येतात की घरात बसणं पाप वाटतं. नेमकी त्याच दिवसांत सुट्टी असते. तिच्यात आम्ही मुलांना खोलीत बसवून 'शरद ऋतू' या विषयावर माहिती लिहायला लावतो!

तेव्हा माझ्या मागण्या. चिरंजीव, लिहून घ्या.

एक, पुढच्या दिवाळीला दोघं बारा दिवस येतील. तुम्हाला रजा नसेल तर सोडून जा. मी आणि अण्णा समर्थ आहोत. सूनबाईंनी दिवसातून दहा वेळा फोन करावा, मी एकदाही कंटाळणार नाही. दोन, प्रकल्प, क्लासची पुस्तकं, वह्या पुण्यात राहतील. शाळेने विचारलं तर माझा फोन नंबर द्या. एका निवृत्त शिक्षिकेशी बोलू दे त्यांना. तीन, परत गेल्यावर "काय काय शिकलास?" असं मुलांना विचारायचं नाही. "मजा आली का?" एवढंच विचारा, आणि तेही जमलं तर नकाच विचारू.

आणि नर-मादी वाहत असतील तर नळदुर्गला जाणार. गुडघ्यांचं मी बघून घेते.

ज्यांच्याकडे नातवंडं येतात त्यांनी आपापल्या घरी काय चालतं ते कळवावं. ज्यांना हे पटलं नाही त्यांनी जरूर भांडावं. फक्त सदुपयोगाचं नाव माझ्यापुढे काढू नका!

असो. फार झालं. अंगणातल्या किल्ल्यावरचं अळीव एव्हाना सुकलंय, पण किल्ला मोडायला हात होत नाही. राहू दे अजून थोडे दिवस.